रुजू

आर्डिस, दर एप्रिलमध्ये तुझा फोन येतो,
बर्फ पुरतं वितळायच्या आधीच.
"रोपवाटिकेत एक माणूस कमी पडतंय," म्हणतेस,
"ये ना. रुजू हो."
तुझ्यामागून सरोवराचा वारा फोनमध्ये शिरतो,
रिकाम्या कुंड्या एकमेकींवर आपटतात.
मी म्हणते, बघते.
चौदा वर्षं बघतेच आहे.

इथे विलमरला, टर्कीच्या कारखान्यात,
मी हिशेबाच्या टेबलाशी.
पक्ष्यांची वजनं, माणसांचे तास,
कोण किती मिनिटं उशिरा आलं.
पगार बेताचा. खुर्चीचं एक चाक गेलेलं.
आणि पाकिटात एक कार्ड,
त्यावर माझ्या नावापेक्षा कंपनीचं नाव मोठं.

लोक पोटासाठी नोकरी करतात.
मी रक्तासाठी करते.
सोरेनचं रक्त थांबत नाही, तुला माहीतच आहे.
दोन वर्षांचा होता, ओठ चावला,
तीन उश्या बदलल्या त्या रात्री.
दोष माझ्याकडून आलेला, माझ्या आईकडून मला,
आम्हा दोघींना काही न होता.
आता आठवड्याला कुप्या येतात, बर्फाच्या डब्यात,
दारावरचा पोऱ्या सही घेतो
आणि पिझ्झा दिल्यासारखा हसतो.
एका कुपीच्या आकड्यात किती शून्यं असतात
ते मी एकदाच वाचलं.
रक्ताचं पाणी करणं म्हणजे काय
ते मला कुणी समजावू नये.

विमा बाहेरही मिळतो, आर्डिस. तूच पाठवलेस ते कागद.
रात्री जेवणाच्या टेबलावर पसरून बसले.
एकाच्या यादीत डॉक्टर होल्टान नाहीत,
दुसऱ्यात कुप्या आहेत, पण आधी
आमचे नऊ हजार जायला हवेत.
कागद गोळा केले, टेबल पुसलं.

राजीनामा मात्र तयार आहे.
गाडीच्या खणात, टायरची हवा मोजायच्या यंत्राखाली.
तारीख पेन्सिलीने लिहिलेली,
तिथला कागद खोडून खोडून पातळ झालाय.
ज्या दिवशी क्लॉस्टरमन सगळ्यांसमोर
माझ्या चुकीवर बोट ठेवून म्हणाला,
"वय झालं का, मार्लिस?"
त्या दिवशी खण उघडला होता.
मग कळलं, त्याच्या बायकोचं डायलिसिस
त्याच कार्डाच्या जोरावर चालतं.
तोही वर कुणाचं तरी ऐकून
खाली येऊन ओरडतो.
खण लावून टाकला.

सोरेन पियानो जुळवतो. जुळवायचा.
गावोगावची चर्चं, शाळा, म्हाताऱ्या शिक्षिकांची घरं.
कधी पैसे, कधी बटाट्यांचं पोतं.
गाडीत हातोडी, फेल्टचे तुकडे, आणि ती शीतपेटी.
मार्चमध्ये सव्वीस पूर्ण झाली.
सव्विसाव्या वर्षी मूल
आईच्या कार्डावरून उतरतं, असा नियम.
मी केक केला. त्याने मेणबत्त्या विझवल्या
आणि म्हणाला, "मी अर्ज भरलाय. तुझ्याकडेच."
क्लॉस्टरमनने एका दिवसात घेतला त्याला,
पॅकिंगच्या बाजूला, सुऱ्यांपासून लांब.
चांगला माणूस आहे, म्हटलं ना.

तर आता मी मोकळी आहे, आर्डिस.
यंदा फोन वाजला तेव्हा
पत्र हातात होतं, पेन्सिल नव्हे, पेन होतं.
आणि बाहेर सोरेन गाडीत बसून
माझी वाट बघत हॉर्न देत होता,
पहाटे साडेपाचला,
त्याचा पहिला दिवस.

वाटेत त्याला सांगितलं,
दुसऱ्या दाराचं कुलूप थंडीत अडकतं, वर उचलून ढकल.
एकोणिसाव्या कपाटात पाणी गळतं, ते घेऊ नको.
एवढंच माझ्याकडे द्यायला होतं.

संध्याकाळी परत येताना
बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला,
"आई, शीतगृहाचा तो मोठा पंखा ऐकलास कधी?
एक सूर धरून असतो दिवसभर.
किंचित उतरलेला आहे."

चौदा वर्षांत मी ऐकला नव्हता.
आता रात्रीही ऐकू येतो.
आर्डिस, तुझ्याकडच्या त्या रोपांना
कुंडी बदलली की किती दिवस लागतात
मान वर करायला?
तू सांग. मी बघते.